क्षच्या तीन किमती आणि गल्लीची टाकी

ज्या समाजाला आपल्या पेट्यांचं घनफळ ठाऊक नाही, त्या समाजाने आपलं भवितव्य नेमकं कशात भरून ठेवायचं, हा प्रश्न आजवर कुणीही विचारलेला नाही. तो विचारला जाण्याआधीच उत्तर तयार असावं, या दूरदृष्टीने ‘आयताकृती पात्र घनफळ निश्चिती कार्यालय’ स्थापन झालं. दुसरा मजला, जिना चढून आलं की डावीकडे; पाटी उजवीकडे लावलेली आहे. (उजवीकडे गेलात तर भिंत लागते. चुकलेल्यांची गैरसोय नको म्हणून भिंतीला लागून एक बाक ठेवलेला आहे.) टाकी, हौद, पेटी, खोका, कपाट, डबा, म्हणजे लांबी, रुंदी, उंची असलेली आणि आतून पोकळ अशी कुठलीही वस्तू वापरात आणायची, तर तिचं घनफळ आधी इथून निश्चित करून घ्यावं लागतं. गोल वस्तू या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाहीत. त्यांचं कसं चाललंय कुणाला ठाऊक नाही, पण बरं चाललंय असं ऐकिवात आहे.

एके काळी इथेही लोक टेप लावून मोजायचे. लांबी मोजली, रुंदी मोजली, उंची मोजली, तिन्हींचा गुणाकार केला, कागद हातात दिला. पाच मिनिटांत माणूस मोकळा. या पद्धतीत पुढे तीन गंभीर दोष आढळून आले. एक, ती कुणालाही जमत होती. दोन, वेगवेगळ्या माणसांनी मोजलं तरी उत्तर तेच येत होतं, त्यामुळे फेरतपासणी शाखेला दिवसभर खिडकीबाहेर बघत बसावं लागायचं. तीन, एकदा आलेला अर्जदार पुन्हा तोंड दाखवत नव्हता. सबब, परिपत्रक क्रमांक चार अन्वये टेपवर बंदी आली. कार्यालयात आता एकच टेप उरली आहे. ती काचेच्या कपाटात कुलूपबंद असते, आणि त्या कपाटाचंच घनफळ अद्याप निश्चित व्हायचं असल्याने ते उघडता येत नाही.

टेपच्या जागी बीजगणित आलं. अर्जदाराने आता एकही माप सरळ आकड्यात लिहायचं नाही, पेटी समोर दिसत असली तरी. रुंदी क्ष धरायची. लांबी रुंदीच्या दुपटीपेक्षा किती कमी आणि उंची लांबीपेक्षा किती जास्त, एवढंच कळवायचं. मग कार्यालय समीकरण मांडतं, क्षची किंमत काढतं आणि पेटी किती रुंद आहे ते पेटीच्या मालकाला लेखी कळवतं. मागच्या वर्षात एक हजार दोनशे बारा प्रकरणांत क्षची किंमत काढण्यात आली. बावीस प्रकरणांत क्ष सापडला, पण तोवर पेटी सापडेना. हे प्रमाण दोन टक्क्यांच्याही आत असल्याने वार्षिक अहवालात त्याबद्दल समाधान व्यक्त केलेलं आहे.

या कार्यालयाचा खरा आधार म्हणजे क्षसाहेब. खरं नाव हजेरीपुस्तकात असेलच, पण बाहेर कुणाला ते आठवत नाही. सव्वीस वर्षं एकाच खुर्चीत बसून त्यांनी हजारो समीकरणं सोडवली आणि त्यातलं एकही चुकलं नाही, हे त्यांचे शत्रूसुद्धा मान्य करतात. (शत्रू दोन आहेत. दोघेही फेरतपासणी शाखेत.) माणूस सरळमार्गी. खोटं बोलायला गेले तर कानाच्या पाळ्या लाल होतात, म्हणून त्यांनी तो नादच सोडून दिलेला.

घरात तीन माणसं: स्वतः क्षसाहेब, त्यांची बायको आणि आई. बायको दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर काम करते, त्यामुळे ‘दोन गोळ्या’ म्हणजे दोनच गोळ्या, अशी तिची सरळसोट समजूत. तिने एकदा लग्नाच्या पहिल्या वर्षी विचारलं होतं, “अहो, साखर किती उरलीय बघा ना जरा.” क्षसाहेबांनी डब्याची उंची क्ष धरली. क्षची किंमत निघेपर्यंत ती दुकानात जाऊन साखर घेऊन आली, चहाही झाला. तेव्हापासून घरातल्या चौकोनी डब्यांबद्दल नवरा-बायकोत बोलणं होत नाही. आई त्र्याहत्तर वर्षांची, गुडघ्यांनी थकलेली, जिभेने मुळीच न थकलेली. तिला लेकाचा फार अभिमान. कार्यालयात तो नेमकं काय करतो हे मात्र तिला कधी कळलं नाही, आणि याबद्दल तिने शेजारणींना ताकास तूर लागू दिलेली नाही.

तर एका सोमवारी सकाळी सव्वासातला गल्लीच्या टाकीचा तळ सुटला.

गल्ली चढावरची, चोवीस घरांची. गल्लीच्या माथ्यावर लोखंडी सांगाडा आणि त्यावर पत्र्याची चौकोनी टाकी. तिच्यातून चोवीस घरांना पाणी. तळ गंजलेला होता हे सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांना माहीत असल्यामुळे कुणी तक्रार केली नव्हती. टाकी फुटली तेव्हा पहिली दहा मिनिटं प्रत्येकाच्या दारात भरपूर पाणी होतं. त्यानंतर थेंब नाही. चढाच्या पायथ्याशी एक सार्वजनिक नळ आहे. तिथून वर यायला शहाऐंशी पायऱ्या. गल्ली बादल्या घेऊन खाली निघाली.

त्याच दिवशी अकराच्या सुमाराला पत्रेमामा कार्यालयात हजर झाले. पत्रेमामा म्हणजे त्या भागातले पत्र्याचं काम करणारे कारागीर. गटारावरच्या झाकणापासून शाळेच्या छपरापर्यंत सगळं त्यांच्या हातचं. तोंड फटकळ, हात सफाईदार.

“पत्रा मिळालाय, साहेब,” मामा म्हणाले. “चौदा बाय चौदा फूट, चौरस. चारी कोपऱ्यांतून चार-चार फुटांचे चौकोन कापतो, कडा वर वळवतो, वेल्डिंग मारतो. सहा बाय सहाची टाकी, चार फूट उंच. एकशे चव्वेचाळीस घनफूट झाले की नाही? चोवीस घरं, घराला सहा. तुम्ही नुसती सही द्या, परवा पाणी चालू.”

क्षसाहेबांनी चष्मा वर केला. “कोपरा चार फुटांचाच कापायचा, हे तुम्ही कशावरून म्हणता?”

“सांगाडा सव्वासहा फुटांचा आहे. त्यावर काय बसेल ते दिसतंय की.”

“दिसतंय म्हणजे कशाने?”

“डोळ्यांनी, साहेब. दुसरं काय आहे माझ्याकडे?”

क्षसाहेबांनी त्यांना अतिशय सौजन्याने समजावून सांगितलं की मान्य पद्धतींच्या यादीत डोळ्यांचा समावेश नाही. ही टाकी आपल्याच गल्लीची, आपल्याच आईच्या स्वयंपाकघरात पाणी आणणारी, म्हणून नियमाला फाटा दिला तर लोक काय म्हणतील? उलट आपलं म्हणून जास्तच काटेकोर व्हायला हवं. (अशी माणसं आता फार उरली नाहीत, हे बरंच आहे.) त्यांनी मामांकडून विहित नमुन्यात अर्ज भरून घेतला: पत्रा चौदा बाय चौदा; कापायच्या कोपऱ्याची बाजू क्ष; अपेक्षित घनफळ एकशे चव्वेचाळीस. सांगाड्याचं माप लिहायला नमुन्यात रकाना नव्हता. टाकी बनल्यावर कुठे बसते, ही टाकीची खासगी बाब मानली जाते.

“आणि किंमत निघेपर्यंत कातरी लावायची नाही,” क्षसाहेब म्हणाले.

“साहेब, किंमत चार आहे!”

“असेलही. पण ती निघाली पाहिजे.”

समीकरण असं झालं: क्ष, गुणिले चौदा वजा दोन क्ष, गुणिले पुन्हा चौदा वजा दोन क्ष, बरोबर एकशे चव्वेचाळीस. क्षसाहेबांनी ते चाळीस मिनिटांत सोडवलं. कागद त्यांच्या टेबलावरून समोरच्या टेबलावर जायला अकरा दिवस लागले. (दोन टेबलांत अंतर चार पावलांचं. पावलं मोजून सांगतोय, कारण टेपवर बंदी आहे.)

या अकरा दिवसांत आई पाणी भरत होती. क्षसाहेब नवाला बाहेर पडायचे, बायको त्याहून आधी, आणि नळाला पाणी यायचं साडेनवाला. आईने माळ्यावरून तेलाचे दोन रिकामे पत्र्याचे डबे काढले, लाकडी दांडे बसवून घेतले, आणि एकेका हातात एकेक धरून ती शहाऐंशी पायऱ्या चढायची. दोन्हीकडे सारखं वजन, म्हणून तोल राहतो, असं तिचं म्हणणं. सातव्या दिवशी रविवार होता. क्षसाहेब घरी होते, त्यांनी ते डबे पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. लांबी होती, रुंदी होती, उंची होती. आतून पोकळही होते.

“आई, हे डबे नोंदवलेले नाहीत.”

“नोंदवायला ते काय पळून चाललेत?”

“अगं, मीच त्या कार्यालयात. माझ्याच घरात बिननोंदीचं आयताकृती पात्र? उद्या कुणी बोट दाखवलं तर?”

“बोट दाखवणाऱ्याला म्हणावं, दोन खेपा घाल माझ्याबरोबर.”

पण क्षसाहेबांनी सोमवारी दोन्ही डबे कार्यालयात नेऊन रीतसर जमा केले. ‘पाया चौरस, उंची पायाच्या बाजूच्या दीडपट, सबब समीकरण सुटेपर्यंत ताब्यात ठेवण्यात यावेत’ असा शेरा मारून त्यांना दोऱ्याने चिठ्ठी बांधण्यात आली. आईला त्यांनी एक घागर आणून दिली. घागर गोल असते, तिला कुणी हात लावू शकत नाही. आई ती कमरेवर घेऊन चढू लागली, एका बाजूला कलून. आणि तिसऱ्या दिवशी एकसष्टाव्या पायरीवर तिचा पाय सरकला. घागर खालपर्यंत वाजत गेली. आई उजव्या मनगटावर पडली, आणि मनगट मोडलं.

क्षसाहेब दवाखान्यात पोचले तेव्हा तिचा हात प्लास्टरमध्ये गेलेला होता. बायको शेजारी उभी. तिने त्यांच्या हातात औषधाची चिठ्ठी ठेवली: ‘दोन गोळ्या, रात्री.’ त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. आई मात्र लेकाला बघून म्हणाली, “घागरीला पोचा आलाय रे. मामांना सांग, काढून देतील.” सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना असं वाटलं की काहीतरी आपल्या हातून चुकलं आहे, आणि नेमकी कोणती पायरी चुकली ते सापडेना. काही झालं तरी टाकी आता मार्गी लावायचीच, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

अडचण एवढीच होती की समीकरणातून क्षच्या तीन किमती निघाल्या होत्या. एक, चार आणि नऊ.

तिन्ही बरोबर. एक फुटाचे कोपरे कापले तर टाकी बारा बाय बारा आणि एक फूट उंच: एकशे चव्वेचाळीस. चार फुटांचे कापले तर सहा बाय सहा बाय चार: एकशे चव्वेचाळीस. नऊ फुटांचे कापले, तर चौदातून दोनदा नऊ वजा जाऊन बाजू उरते उणे चार. उणे चार गुणिले उणे चार म्हणजे अधिक सोळा, गुणिले उंची नऊ: एकशे चव्वेचाळीस. असा सुबक योग फार क्वचित येतो. एरवी क्षसाहेबांनी तो कागद चौकटीत लावून घेतला असता.

आता नियम सतरा असा आहे की ‘समीकरणातून निघालेली प्रत्येक किंमत समान वागणुकीस पात्र राहील’. म्हणजे यातली एक ठेवून दोन टाकायच्या, तर ते काम एकट्या अधिकाऱ्याने करता येत नाही. त्यासाठी किंमत नाकारणी समिती बसते. समितीच्या प्रमुख म्हणजे कार्यालयाच्या मोठ्या बाई. आणखी दोन सदस्य फेरतपासणी शाखेचे, म्हणजे आपले ते दोन शत्रू. क्षसाहेबांना निवेदन करायचं होतं, आणि मामांना ‘संबंधित कारागीर’ म्हणून दाराजवळच्या खुर्चीवर बसवलं होतं. बोलायचं नाही, विचारलं तर उत्तर द्यायचं, या अटीवर. अट त्यांनी दीड मिनिट पाळली.

पहिल्या सदस्याने एक या किमतीचा पुरस्कार केला. कोपरे लहान, कातरण कमी, पत्रा वाया जात नाही.

“आणि बारा फुटांची परात सव्वासहाच्या सांगाड्यावर ठेवणार?” मामा उसळले. “दोन्ही बाजूंनी तीन-तीन फूट लोंबेल ना! पाणी भरलं की घड्याळ लावून सांगतो किती वेळात कोसळेल.”

“सांगाड्याचा उल्लेख अर्जात नाही,” सदस्य म्हणाला. आणि ते खरंच होतं.

दुसऱ्या सदस्याने मध्यममार्ग काढला. कुठल्याच किमतीवर अन्याय नको म्हणून तिन्हींची सरासरी घ्यावी. एक, चार, नऊ मिळून चौदा, भागिले तीन. गंमत अशी की सरासरीने कापलं तर टाकीच्या तिन्ही बाजू तंतोतंत सारख्या येतात, ठोकळ्यासारखी टाकी होते. समितीला हे फार आवडलं. चहा मागवण्यात आला. मग घनफळ काढलं तर ते शंभराच्या थोडं वर भरलं, म्हणजे सात घरांना पाणी नाही. ती सात घरं कोणती हे ठरवायला सात स्वतंत्र अर्ज लागले असते, म्हणून तो प्रस्ताव जड अंतःकरणाने बाजूला ठेवण्यात आला.

क्षसाहेबांनी घसा खाकरला. इथे चारचं नाव घ्यायचं, एवढंच त्यांना करायचं होतं. त्यांनी सकाळीच आरशासमोर तीनदा म्हणून पाहिलं होतं.

“नऊबद्दल कुणीच बोललं नाही,” मोठ्या बाई म्हणाल्या.

“नऊ?” मामा उठूनच उभे राहिले. “बाई, चौदा फुटांच्या पत्र्याला नऊ-नऊचे चार कोपरे कापायचे? एका कडेला दोन नऊ बसतात तरी का? अहो, पत्राच उरत नाही!”

“मामा, बसा. पत्र्याबद्दल नंतर बोलू. सध्या गणिताबद्दल चाललंय.” बाई शांतपणे मुद्दे मांडू लागल्या. या टाकीच्या बाजू उणे असल्यामुळे ती सांगाड्यावर जागा व्यापणार नाही. सांगाड्याला भार नाही, म्हणजे त्याची डागडुजी नाही. ती गंजणार नाही, कारण गंजायला पत्राच नाही. (तळाचं क्षेत्रफळ अधिक सोळा येतं, त्यामुळे टाकीला तळ नाही असा आक्षेपही घेता येत नाही.) उंचीला तिन्हींत सरस. आणि मुख्य म्हणजे वेल्डिंग, कातरी, शिडी, माणसं, यातलं काहीही लागत नाही. टाकी मंजुरीच्या क्षणीच पूर्ण होते. असा प्रकल्प या कार्यालयाच्या इतिहासात झालेला नाही.

दोन्ही सदस्य भारावून गेले. एकाने टाळी वाजवली आणि मग इकडेतिकडे बघून हात खिशात घातले.

“तरी प्रश्न विश्वासाचा आहे,” बाई क्षसाहेबांकडे वळल्या. “तुमचा शब्द आम्ही शेवटचा मानतो. सव्वीस वर्षांत एकदाही तुमचं चुकलेलं नाही. मला फक्त एका शब्दात सांगा. क्ष बरोबर नऊ, ही किंमत बरोबर की चूक?”

मामा क्षसाहेबांकडे बघत होते. काय बोलायचं ते डोळ्यांनीच सांगत होते. क्षसाहेबांना आईचा पांढरा हात दिसत होता. ‘चूक’ म्हटलं की संपलं. दोन अक्षरं. ती त्यांच्या जिभेवर आलीही. पण उणे चार गुणिले उणे चार सोळाच होतात हो! सोळा नवं एकशे चव्वेचाळीसच होतात! त्यांच्या कानाच्या पाळ्या तापू लागल्या.

“बरोबर,” क्षसाहेब म्हणाले. “पण—”

“साहेब,” इतिवृत्त लिहिणाऱ्या लिपिकबाई म्हणाल्या, “‘पण’ दुसऱ्या पानावर जाईल. इतिवृत्त एकपानीच असतं.”

आणि खाली सह्या झाल्या.

त्यानंतर सगळं इतक्या झपाट्याने झालं की कार्यालयाच्या दिरंगाईबद्दल बोलणाऱ्यांची तोंडं कायमची बंद व्हावीत. चढावरच्या गल्लीत एकशे चव्वेचाळीस घनफुटांची टाकी कार्यान्वित झाल्याचा दाखला त्याच दिवशी निघाला. टाकी असलेल्या वस्तीला सार्वजनिक नळाचा हक्क राहत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी पायथ्याच्या नळाची तोटी काढून नेण्यात आली. तिसऱ्या दिवशी पत्रेमामांना नोटीस आली: ‘मंजूर मापाप्रमाणे आपण प्रत्येकी एक्याऐंशी चौरस फुटांचे चार कोपरे, एकूण तीनशे चोवीस चौरस फूट कातरण काढली असणार. ती विनाविलंब कार्यालयात जमा करावी.’ मामांकडे पत्रा होता एकशे शहाण्णव चौरस फुटांचा, अजून न कापलेला. ते नोटीस घेऊन दारात अर्धा तास बसून होते. मग त्यांनी कपाळाला हात लावला, आणि चार फुटांवर खडूने रेघ मारलेला तो पत्रा भिंतीशी उलटा करून ठेवला. आता कापला तर गल्लीत दुसरी टाकी झाली असती, आणि एका गल्लीला दोन टाक्यांची परवानगी नाही.

क्षसाहेबांनी घरी सगळं सांगितलं, एक शब्दही न लपवता. बायकोने चुलीकडे पाठ न वळवता ऐकलं आणि विचारलं, “म्हणजे तुमचं उत्तर बरोबर आलं?”

“हो.”

“अभिनंदन,” ती म्हणाली, आणि दोन कळशा उचलून बाहेर पडली. पुढच्या चौकातला नळ पायथ्याच्याही पलीकडे दहा मिनिटांवर.

आईने डाव्या हाताने तांब्या पुढे सरकवला. “बाळा, तुझं बरोबरच असेल. तू चुकणार नाहीस. मला फक्त त्या टाकीतलं तांब्याभर पाणी आणून दे.”

क्षसाहेब तांब्या घेऊन खरंच बाहेर गेले. गल्लीच्या माथ्यापर्यंत चढून गेले, सांगाड्याखाली उभे राहिले. वर आभाळ होतं. एक कावळा सांगाड्यावर बसून, जिथे टाकीची बाजू असायला हवी होती तिथे चोच पुसत होता. पन्नाशी उलटलेला तो माणूस तिथे उभा राहून रडला, हे कार्यालयीन नोंदीत नाही. मी सांगतोय म्हणून तुम्हाला कळलं. तेव्हापासून पहाटे उठून चौकातून सहा खेपा तेच घालतात. कार्यालयात पोचतात तेव्हा त्यांच्या तळहातावर कडीचे वळ असतात, आणि दिवसभर समीकरणं सोडवताना ते हात पालथे ठेवतात.

मात्र हे कार्यालय मनमानी करतं असं कुणी समजू नये. कुठलाही निर्णय कायम होण्याआधी तीस दिवस जनतेच्या हरकतींसाठी खुला ठेवला जातो. टाकीचा कागदही तसा खुला ठेवला आहे. आईने हरकत नोंदवली: ‘पाणी नाही.’ डाव्या हाताने लिहिल्यामुळे अक्षर वेडंवाकडं होतं, पण वाचता येत होतं. ‘हरकत हिशेबातील चुकीविषयी असावी, तहानेविषयी नसावी’ या शेऱ्यासह ती परत आली. मामांनी हरकत नोंदवली: ‘या सगळ्यांना डोळे आहेत का?’ ती डोळे मान्य पद्धतींत नसल्यामुळे फेटाळली गेली. क्षसाहेबही एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्या नोंदवहीपाशी गेले. ‘हरकत’ एवढं लिहिलं, पुढे दोन टिंबं दिली. मग सवयीने समासात पुन्हा एकदा गुणाकार करून पाहिला. बरोबर आला. ते वही मिटून जागेवर परत गेले.

याखेरीज दोनशे अकरा सुशिक्षित नागरिकांनी तो कागद पाहिला. प्रत्येकाने खिशातून पेन काढलं, ओठ हलवत उणे चार गुणिले उणे चार केले, सोळाला नवाने गुणलं, मान डोलावली आणि ‘तपासलं, बरोबर आहे’ असं लिहून सही केली. काहींनी तर ‘सुरेख’ असा शेरा दिला आहे. गल्लीत जाऊन वर कुणी पाहिलं नाही.

दोनशे बारावे तुम्ही. मघाशी त्या तीन किमती आल्या तेव्हा तुम्हीही थांबून गुणाकार केलात. नाही म्हणू नका, उणे उणे अधिक होतं की नाही हे मनातल्या मनात पडताळून पाहिलंत, उत्तर जुळल्यावर जरा बरंही वाटलं. हिशेबात काही चूक निघाली का? नाही ना? मग आपली काही हरकत नाही असं समजून तुमची सही घेतल्याचं दाखवलं आहे. आजच तिसावा दिवस होता.